आरशासमोर पेन्सिल: चित्रकार स्वतःला काढतात तेव्हा नेमकं काय काढतात?

न्यूरेम्बर्ग शहरातल्या एका सोनाराच्या मुलानं १४८४ साली आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं. वय साधारण तेरा. पुढे केव्हातरी त्यानंच त्या कागदावर वरच्या बाजूला लिहून ठेवलं, की १४८४ मध्ये, मी अजून लहान होतो तेव्हा, आरशात बघून मी हा मला काढला. हा मुलगा म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेला जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर. ते रेखाटन आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे आणि युरोपात टिकून राहिलेल्या अगदी जुन्या आत्मचित्रांमध्ये त्याची गणना होते.

आकार फार मोठा नाही, ए-फोर कागदापेक्षा थोडा लहानच. लांब केस, डोक्यावर टोपी, गुबगुबीत गाल, ढगळ बाह्या. एका हाताचं बोट लांब करून तो चित्राबाहेर कुठेतरी दाखवतोय. दुसरा हात बाहीत गडप झालाय. आपल्यापुढची अडचण त्यानं कशी सोडवली ते इथे दिसतं. दोन हातांपैकी एक हात चित्र काढण्यात गुंतलेला. तो स्थिर धरून दाखवणार कसा? मग चित्रात एकच हात आला आणि दुसऱ्याची बाहीत सोय झाली. कपड्यांच्या चुण्या जरा गोंधळलेल्या आहेत, बोटही थोडं लांबलंय. चेहरा मात्र पक्का बसलाय.

हे चित्र पेन्सिलीचं नाही, चांदीच्या तारेचं आहे. हाडांची पूड आणि सरस यांचा लेप दिलेल्या कागदावर चांदीची टोकदार तार ओढली की चांदीचे बारीक कण मागे राहतात आणि करडी रेघ उमटते. काळ जातो तशी ती तपकिरी होत जाते. कितीही दाबलं तरी ही रेघ फारशी काळी होत नाही, आणि मुख्य म्हणजे खोडता येत नाही. तेरा वर्षांच्या पोरानं आपला चेहरा अशा साधनानं काढायला घेतला ज्यात चुकलं तर चुकलं. त्या मुलाबद्दल एवढं कळायला दुसऱ्या कुठल्या कागदपत्राची गरज नाही.

आत्मचित्र बघताना आपण पहिल्यांदा विचारतो, ‘हुबेहूब आलंय का?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण फार पुढे नेत नाही. ड्यूरर तेराव्या वर्षी खरंच कसा दिसायचा हे पडताळायला आपल्याकडे काहीच नाही. तरी त्या कागदावरून त्याच्याविषयी बरंच समजतं, कारण पेन्सिलीसारख्या साध्या साधनानं काढलेल्या चित्रात निर्णय झाकले जात नाहीत. कुठे जोर दिला, कुठे हात हलका ठेवला, काय अर्धवट सोडलं, काय खोडून पुन्हा काढलं, हे सगळं कागदावर राहतं. तैलरंगात खालचा थर वरच्या थराखाली जातो, पेन्सिलीत ती सोय नाही. चित्रकाराची ओळख शोधायची तर नाका-डोळ्यांपेक्षा या निर्णयांमध्ये शोधावी, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी आरसा आणि पेन्सिल या दोन्ही वस्तू काम कशा करतात ते आधी माहीत हवं.

आरशापासून सुरुवात करू. आरशासमोर बसून उजव्या हातानं चित्र काढणारा माणूस चित्रात डावखुरा दिसतो. आरशात आपला उजवा हात आपल्या उजव्या बाजूलाच दिसतो, तसाच तो कागदावर उजवीकडे उतरतो. पण चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून असल्यामुळे तो त्याचा डावा हात ठरतो. केसांचा भांग, गालावरचा तीळ, सगळंच बाजू बदलतं. म्हणजे चित्रकार जो चेहरा काढतो तो घरच्यांनी, मित्रांनी पाहिलेला चेहरा नसतोच. तो फक्त त्याला स्वतःला ओळखीचा असलेला चेहरा असतो. मोबाइलवर सेल्फी काढल्यावर फोटो उलटून सेव्ह झाला की ‘मी असा दिसतो?’ असं वाटतं, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट नजरेची. बहुतेक आत्मचित्रांतला माणूस आपल्याकडे रोखून बघत असतो. बघणारे त्यातून लगेच स्वभाव काढतात: गंभीर, एकाकी, अस्वस्थ. त्यातला बराचसा गंभीरपणा कामाचा असतो. चित्रकार सारखा आरशाकडे बघतोय, म्हणून चित्रातले डोळे आपल्याकडे. लक्ष एकवटलंय, म्हणून कपाळाला आठी. आणि तासभर कोणी हसरा चेहरा धरून बसू शकत नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६३० च्या सुमाराला आरशासमोर तोंडं करून, डोळे विस्फारून, दचकल्यासारखा चेहरा करून स्वतःची छोटी एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरून छापलेली चित्रं, केली. भाव कसा पकडायचा याचा तो सराव होता आणि नमुना म्हणून स्वतःचाच चेहरा फुकट हाताशी होता. तेव्हा आत्मचित्रातला प्रत्येक भाव म्हणजे कबुलीजबाब नव्हे, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवावं. ड्यूररच्या त्या पहिल्या चित्रात मात्र मुलगा आपल्याकडे बघतच नाही. आरशात बघून काढताना नजर बाजूला वळवणं फार कठीण असतं, आणि त्याला ते करायचं होतं.

तिसरी गोष्ट कुणालाही घरी करून बघता येईल. न्हाणीघरातल्या वाफ धरलेल्या आरशावर, एक डोळा मिटून, आपल्या चेहऱ्याची कड बोटानं काढायची आणि मग मोजायची. ती चेहऱ्याच्या निम्म्याच मापाची भरते. आरशाच्या जवळ जा, लांब जा, माप तेच राहतं. रोज सकाळी आपण हा निम्म्या मापाचा चेहरा बघतो आणि तो पूर्ण आकाराचा आहे असंच धरून चालतो. शिकाऊ चित्रकारांची नेहमीची चूकही याच जातीची आहे. डोळे जवळजवळ सगळेच जण फार वर काढतात, कपाळाच्या जागी. प्रत्यक्षात डोळे टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर असतात. डोळे, नाक, तोंड यांना आपण इतकं महत्त्व देतो की वरची कवटी हिशेबातूनच गळते. स्वतःला काढायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आपल्याला आपला चेहरा माहीत आहे पण आपण तो कधी पाहिलेला नाही.

आता पेन्सिल. आपण शिसपेन्सिल म्हणत असलो तरी तिच्यात शिसं नसतं. असतो ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच. इंग्लंडच्या कंबरलँड भागात, बॉरोडेलच्या डोंगरात सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइटचा साठा सापडला. त्याच्या कांड्या कापून लाकडात बसवायच्या, ही पेन्सिलीची सुरुवात. पुढे फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध जुंपलं, फ्रान्सला इंग्लिश ग्रॅफाइट मिळेनासा झाला, आणि निकोला-जाक कोंते यानं १७९५ मध्ये ग्रॅफाइटची पूड मातीत मळून, भट्टीत भाजून कांड्या करायची पद्धत काढली. माती जास्त घातली की कांडी कडक आणि रेघ फिकी. कमी घातली की कांडी मऊ आणि रेघ काळी. आपल्याकडे एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला एचबी, २बी, ४बी, ६बी ठाऊक असतात. त्या आकड्यांमागे हाच मातीचा हिशेब आहे.

चित्रकाराच्या दृष्टीनं यातून मोठा फरक पडला. चांदीच्या तारेला एकच पट्टी होती. आता एकाच हाताला जेमतेम दिसणाऱ्या रेघेपासून डोळ्याच्या बाहुलीतल्या गडद काळ्यापर्यंत सगळे टोन मिळाले, वर खोडायची मुभा. तीही अर्धीमुर्धीच. मऊ पेन्सिल दाबून वापरली की कागदावर बारीक चर पडतो. रबरानं ग्रॅफाइट निघतो, चर राहतो. तिरक्या उजेडात कागद धरला की खोडलेली हनुवटी, सरकवलेला कान स्पष्ट दिसतो. कागदाचा पोतही बोलतो: खरखरीत कागदावर पेन्सिल आडवी धरून फिरवली तर ग्रॅफाइट फक्त उंचवट्यांना लागतो आणि कातडीसारखा दाणेदार टोन मिळतो, गुळगुळीत कागदावर रेघ काचेसारखी स्वच्छ येते. शेडिंगच्या तिरक्या रेघा कुठल्या दिशेला झुकतात यावरून हातसुद्धा ओळखता येतो. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा बहुधा खालून डावीकडून वर उजवीकडे चढतात. लिओनार्दो डावखुरा होता, त्याच्या रेघा उलट्या झुकतात, आणि त्याची रेखाटनं ओळखताना तज्ज्ञ आजही ही गोष्ट तपासतात. रेघ ही हस्ताक्षरासारखी असते; माणूस काय लिहितोय हे बदललं तरी वळण सुटत नाही.

कुठे थांबायचं हाही असाच निर्णय असतो. फ्रान्सचा चित्रकार अँग्र १८१५ नंतर, नेपोलियन पडल्यावर, रोममध्ये काम मिळेनासं झालं म्हणून तिथे येणाऱ्या प्रवाशांची, विशेषतः इंग्रजांची, पेन्सिलीनं व्यक्तिचित्रं काढून पोट भरत होता. चेहरा इतक्या नाजूक छटांनी पूर्ण करायचा की कातडीखालचं हाड जाणवावं, आणि कोट, झगा, खुर्ची चार वेगवान रेघांत मोकळी सोडायची. कागद कोराच राहतो, पण तिथे कापड आहे हे आपल्याला दिसतं. सोडून देणं ही चित्रकलेतली केवढी मोठी गोष्ट आहे, हे अँग्र बघितल्यावर पटतं.

हे सगळं हाताशी घेऊन माझ्या अतिशय आवडत्या एका आत्मचित्राकडे येते. केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीनं १९३३ मध्ये स्वतःला चित्र काढताना काढलं. साधन कोळसा, म्हणजे चारकोल; पेन्सिलीचाच दांडगा भाऊ. कागद तपकिरी. चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

तिची थोडी हकिगत सांगायला हवी. जन्म १८६७, प्रशिया या जर्मन राज्यातल्या कोनिग्सबर्गचा. त्या काळी जर्मनीतल्या कला अकादमींची दारं मुलींना बंद होती, म्हणून ती बर्लिन आणि म्युनिकमध्ये बायकांसाठीच्या वेगळ्या कलाशाळांत शिकली. नवरा कार्ल डॉक्टर, बर्लिनच्या कामगारवस्तीत त्याचा दवाखाना. तिथे येणाऱ्या बायका, त्यांची आजारी मुलं, त्यांचे थकलेले हात हे तिचे विषय झाले. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचा धाकटा मुलगा पेटर बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. १९१९ मध्ये प्रशियाच्या कला अकादमीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री ठरली. आणि १९३३ च्या सुरुवातीला, हिटलर सत्तेवर आल्यावर, नाझींविरुद्ध डाव्या पक्षांनी एकत्र यावं अशा आवाहनावर सही केल्याबद्दल तिला त्याच अकादमीतून बाहेर पडावं लागलं. तेव्हा ती पासष्टीची होती. आयुष्यभरात तिनं शंभराहून जास्त आत्मचित्रं केली, तरुणपणातल्या हसऱ्या चेहऱ्यापासून म्हातारपणातल्या वाकलेल्या पाठीपर्यंत.

या १९३३ च्या चित्रात ती बाजूनं दिसते. एका कडेला डोकं, दुसऱ्या कडेला कोळशाचा तुकडा धरलेली मूठ, मध्ये हात. आधी ही बाजूच बघा. स्वतःचा बाजूचा चेहरा एका आरशात दिसत नाही. दोन आरसे कोनात मांडावे लागतात, नाहीतर आठवणीवर किंवा फोटोवर विसंबावं लागतं. समोरून काढणं किती तरी सोपं होतं. पण समोरून काढलं असतं तर नजर आपल्यावर आली असती आणि चित्र झालं असतं ‘माझ्याकडे बघा’ असं सांगणारं. बाजूनं काढल्यामुळे तिचं आपल्याकडे लक्षच नाही. ती कामात आहे.

चेहरा संयमानं काढलाय: जड पापणी, मिटलेले ओठ, मागे ओढलेले केस. मूठसुद्धा नीट उभी केली आहे, कोळसा धरल्याचा नेमका जोर तिच्यात आहे. आणि या दोन्हींच्या मध्ये जो हात आहे, तो हात म्हणून काढलेलाच नाही. तिथे कोळशाचा सपाट भाग दाबून एका दमात वर-खाली, वर-खाली फिरवलेले रुंद काळे पट्टे आहेत. बाहीच्या चुण्या नाहीत, कोपर नाही, शरीरशास्त्र नाही. नुसता वेग. डोळ्यापासून निघालेली गोष्ट हातातून कागदापर्यंत जाते तो रस्ता तिनं हालचालीतच उमटवला. ज्या वर्षी तिला ‘तुमची इथे जागा नाही’ असं सांगितलं गेलं, त्या वर्षी तिनं स्वतःला असं काढलं. या चित्रात पद नाही, पुरस्कार नाही, घर नाही, मुलगा नाही. मी कोण? तर ही जी काढते आहे ती. अकादमीचं पत्र त्या पट्ट्यांपर्यंत पोचत नाही.

मी हे चित्र शिकवताना मुलांना आधी चेहरा हातानं झाकायला सांगते. फक्त ते पट्टे उरले तरी माणूस दिसतो. मग पट्टे झाकून चेहरा बघायचा. तेव्हा दिसते एक दमलेली वयस्कर बाई. दोन्ही एकत्र आले की ती कोलविट्झ होते.

पण ओळख म्हणजे आपण स्वतःला काय समजतो तेवढंच नसतं. लोक आपल्याला काय समजतात, त्याचाही वाटा असतो, आणि कधी तो वाटा जुलमी असतो. एड्रियन पायपर या अमेरिकन चित्रकर्तीनं १९८१ मध्ये पेन्सिलीनं एक छोटं आत्मचित्र काढलं, दहा इंच बाय आठ इंच. शीर्षकाचा अर्थ असा: माझी निग्रॉइड वैशिष्ट्यं वाढवून दाखवणारं आत्मचित्र. कृष्णवर्णीयांसाठीचा जुन्या वंशशास्त्रातला तो अपमानकारक शब्द तिनं जाणूनबुजून घेतला आहे. पायपरचा जन्म १९४८ चा, न्यूयॉर्कचा. कुटुंब कृष्णवर्णीय, पण तिची कातडी इतकी उजळ की अनोळखी लोक तिला गोरीच धरून चालत. चित्रकार असण्याबरोबर ती तत्त्वज्ञानाची अभ्यासक. त्याच १९८१ साली तिनं हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली.

चित्र समोरून आहे. चेहरा शांत, नजर थेट, शेडिंग शाळेतल्या चांगल्या विद्यार्थ्यासारखं काळजीपूर्वक. खरं तर हे चित्र शीर्षकाशिवाय ठेवलं तर आपण ‘छान काढलंय’ म्हणून पुढे जाऊ. शीर्षक वाचलं की आपली नजर बदलते. आपण शोधू लागतो: काय वाढवलंय? नाक? ओठ? किती? आणि त्या क्षणी आपण तेच करत असतो जे लोक तिच्याबाबतीत आयुष्यभर करत आले: चेहऱ्यावर वंशाच्या खुणा हुडकणं. पायपरनं त्यासाठी भाषण केलं नाही. पेन्सिलीची एक साधी ताकद वापरली. फोटोत नाक आहे तसं येतं. पेन्सिलीत ते एका रेघेनं रुंद करता येतं, आणि बघणाऱ्याला कळतही नाही की सत्य कुठे संपलं. हुबेहूब काढलेल्या चित्रावर आपण ठेवतो त्या विश्वासालाच तिनं हात घातला.

पुढे १९८६ पासून ती एक छापील कार्ड जवळ बाळगायची. एखाद्या जेवणात किंवा पार्टीत, ही गोरीच आहे असं समजून कोणी वंशद्वेषी शेरा मारला की ती गुपचूप ते कार्ड पुढे करायची. त्यात लिहिलेलं असायचं, की मी काळी आहे; तुम्ही ते बोललात तेव्हा तुमच्या हे लक्षात आलं नसावं. आणि २०१२ मध्ये, चौसष्टाव्या वाढदिवसाला, आपण ‘काळी असण्यातून निवृत्त होत आहोत’ असं तिनं जाहीर केलं. सोबत स्वतःचा काळवंडवलेला फोटो. पेन्सिलीच्या त्या चित्रानंतर एकतीस वर्षांनी ती तोच प्रश्न विचारत होती, की हा शिक्का मारायचा अधिकार कोणाचा?

आपल्याकडे नाव सांगितल्यावर ‘आणि आडनाव?’ असा पुढचा प्रश्न ज्यांनी ऐकलाय, त्यांना पायपरचं चित्र समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वर्गात ते सगळ्यांत पटकन ज्यांना कळलं, त्यांनी अमेरिकेचा वंशवाद वाचलेला नव्हता.

आता एक अवघड उदाहरण. विल्यम उटरमोलेन हा फिलाडेल्फियात जन्मलेला, लंडनमध्ये स्थायिक झालेला चित्रकार. १९९५ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्याला अल्झायमर असल्याचं निदान झालं. त्यानंतरची काही वर्षं तो स्वतःचा चेहरा काढत राहिला. सुरुवातीच्या चित्रांत रंग आहेत, मागे खोली आहे, चेहऱ्यावर उघड भीती आहे. मग चेहऱ्याचे भाग जागा सोडू लागतात. कान मोठा होतो, डोळ्यांची पातळी बिघडते, डोक्याची कड मिळून येत नाही. ब्रश हळूहळू हातातून सुटत गेला आणि २००० च्या सुमाराची शेवटची काही डोकी साध्या पेन्सिलीनं काढलेली आहेत. डोकं म्हणावं असा एक आकार, आत डोळे-नाक-तोंड असावं अशा खुणा, आणि पुन्हा पुन्हा घोटलेली काळी जागा.

२००१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याच्या डॉक्टरांनी या चित्रांवर लिहिलं. अल्झायमर म्हणजे फक्त विसरणं नव्हे. मेंदूचे जे भाग दिसलेल्या गोष्टींची जागा, अंतर, आकार जुळवतात, तेही या आजारात खराब होत जातात. चित्रकाराला नाक कुठे आहे हे दिसतं, पण ते कागदावर डोळ्यांच्या संदर्भात कुठे बसवायचं हा हिशेब लागत नाही. म्हणून डॉक्टरांच्या दृष्टीनं ही चित्रं म्हणजे ऱ्हासाची वर्षावार नोंद.

त्याची बायको पॅट्रिशिया कलेची इतिहासकार होती, आणि तिला त्यात आणखी काही दिसलं: आपल्यात काय बदलतंय ते समजून घेण्याची आणि सांगण्याची त्याची धडपड. मला तिचं म्हणणं पटतं, आणि ते केवळ सहानुभूतीपोटी नव्हे. कागदावर पुरावा आहे. कौशल्य नुसतंच गेलं असतं तर रेघा निर्विकार झाल्या असत्या. भलत्या जागी पण सारख्याच दाबाच्या. इथे तसं नाही. काही जागी पेन्सिल हलकेच फिरलीय, काही जागी तिथेच परत परत गेलीय, खोडलंय, पुन्हा दाबलंय. कुठे काय चुकतंय याची जाणीव असल्याशिवाय माणूस एकाच जागेवर इतका भांडत नाही. प्रमाण सोडून गेलं, नाव-तारखा सोडून गेल्या, तरी इथे जोर द्यायचा आणि इथे सोडायचं हा निर्णय त्या हातात शिल्लक होता. उटरमोलेन २००७ मध्ये वारला.

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. इंटरनेटवर ही चित्रं ओळीनं लावून ‘बघा, मेंदू कसा विरघळतो’ अशा मथळ्याखाली फिरवली जातात. त्यात एकेका चित्राकडे कोणी बघतच नाही. सगळ्यांचं लक्ष घसरगुंडीवर. आजार आधी माहीत असला की डोळे आजारच शोधतात. जमलं तर शेवटचं एखादं पेन्सिल डोकं एकटं उघडावं, मोठं करून, आणि दाब कुठे वाढलाय तेवढंच बघत राहावं.

मूळ चित्रं प्रत्यक्ष बघायला मिळणं मात्र नशिबाचा भाग आहे, तेही सांगून ठेवते. कागदावरची कामं उजेडानं खराब होतात; कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. त्यामुळे संग्रहालयं ती साधारण ५० लक्सइतक्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मंद प्रकाशात, थोड्या महिन्यांसाठीच मांडतात आणि मग पुन्हा वर्षानुवर्षं पेटीत ठेवतात. अल्बर्टिनात गेलात आणि छोटा ड्यूरर भेटला नाही, तर तो बहुधा विश्रांतीला आत गेलेला असतो. अनेक मोठ्या संग्रहालयांत कागदावरच्या कामांसाठी वेगळी अभ्यासिका असते. आधी वेळ मागितली तर चित्र टेबलावर आणून दाखवतात. ते जमण्यासारखं नसेल तर नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या वेबसाइटवर कोलविट्झचं चित्र मोठं करून बघता येतं. मोबाइलवर नको, लॅपटॉपवर बघा. आधी मूठ, मग चेहरा, आणि शेवटी ते पट्टे इतके जवळून, की कोळसा कागदाच्या उंचवट्यांवर कुठे बसलाय आणि खाचांमधून तपकिरी कागद कुठे उघडा राहिलाय ते दिसेल.